मोर्चाच्या आधीचा कागद: वीज आणि पाण्याच्या निर्णयात आपलं म्हणणं कसं घालायचं

डिसेंबरात बेळगावला अधिवेशन बसलं की हलग्याच्या सुवर्णसौधाकडं निवेदनांची रीघ लागते. निवेदन द्यायचं, मंत्र्यासोबत फोटो काढायचा, संध्याकाळी गावाकडं परत. फोटो चांगला येतो. पण विधेयक सभागृहात आलेलं असतं किंवा दर ठरून गेलेला असतो, तेव्हा आपलं म्हणणं बसवायला जागाच उरलेली नसते.

मी निपाणी भागात मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो. व्होल्टेज पडलं की माझा धंदा चालतो, म्हणजे हे लिहून मी माझ्याच पोटावर पाय देतोय. तरी लिहितो, कारण जळकी मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलंय.

आधी कुठलं काम कुणाकडं ते बघा. पाणी राज्याचा विषय. वीज आणि जंगल समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा हात. प्रदूषणाचे मोठे कायदे, १९७४ चा पाण्याचा, १९८१ चा हवेचा, १९८६ चा पर्यावरणाचा, संसदेनं केलेले. ते राबवायचं बरंचसं काम राज्याच्या प्रदूषण मंडळाकडं. आणि विजेचा दर? तो एमएलए ठरवत नाही, आपली वीज कंपनी हेस्कॉमही ठरवत नाही. तो बंगळूरचा कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो. लाइनमनशी भांडून दर कमी होत नाही, एवढं तरी पटवून घ्या.

या आयोगाचं दार सगळ्यात उघडं आहे आणि आपल्याकडचे लोक तिथंच सगळ्यात कमी जातात. २००३ च्या वीज कायद्याचं ६४ वं कलम सांगतं की कंपनीनं दराचा अर्ज जाहीर करायचा, लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्यायच्या आणि आयोगानं १२० दिवसांत निकाल द्यायचा. नवा दर एप्रिलपासून लागतो, म्हणून अर्ज साधारण नोव्हेंबरअखेरीस पडतो. त्याची जाहिरात कन्नड आणि इंग्रजी पेपरात येते. आम्ही मराठी पेपर वाचणारे तिथंच मागं पडतो. हरकतीला महिनाभर मिळतो. तीन वर्षांचा दर एकदम ठरला तरी मागच्या खर्चाचा मेळ घालायला कंपनी पुन्हा आयोगाकडं जाते, त्यामुळं दर हिवाळ्यात आयोगाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. २०२५ च्या एप्रिलपासून वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी युनिटमागं ३६ पैसे लागू झाले. असा आकडा बिलावर दिसतो तेव्हा त्याचा आदेश होऊन गेलेला असतो.

हरकत एका पानाची लिहा. वर नाव, गाव, बिलावरचा आरआर नंबर (मीटरचा ग्राहक क्रमांक). त्याखाली एकच तक्रार आणि तिचा पुरावा. कमी व्होल्टेजचं गाऱ्हाणं असेल तर ‘व्होल्टेज येत नाही’ हे वाक्य लिहू नका, ते कुणीच वाचत नाही. मल्टिमीटर घ्या आणि वहीत लिहा: तारीख, वेळ, तिन्ही फेजमधलं व्होल्टेज, कुठल्या टीसीवर (म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर), त्या वेळी किती मोटारी चालू. थ्री फेज ४१५ चं, सहा टक्के खालीवर चालतं. म्हणजे ३९० च्या खाली गेलं की तो नियमाबाहेरचा पुरवठा. पहाटेच्या पाळीला फीडरच्या, म्हणजे सबस्टेशनातून निघालेल्या लाइनच्या, शेवटच्या टीसीवर काय दिसतं ते तुम्हाला माहीतच आहे. दोन-तीन आठवड्यांची अशी वही आणि वायंडिंग जळाल्याच्या पावत्या जोडल्या की कंपनीला उत्तर द्यावं लागतं, कारण हरकतीवर कंपनीचं लेखी म्हणणं मागवलं जातं.

शेवटी मागणी. ‘शेतकऱ्यांना न्याय द्या’ ही मागणी होत नाही. ‘अमुक फीडरच्या शेवटच्या टीसीवरचा लोड मोजून तीन महिन्यांत अहवाल द्यावा, आणि तोवर या फीडरच्या सुधारणेवर दाखवलेला खर्च मंजूर करू नये’ ही मागणी. त्याखाली ‘मला सुनावणीत तोंडी म्हणणं मांडायचं आहे’ हे वाक्य विसरू नका. प्रती किती, शपथपत्र लागतं का, हे नोटिशीतच असतं. एक प्रत हुबळीच्या नवनगरला हेस्कॉमच्या मुख्य कार्यालयात पाठवा.

एक अवघड गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट आहे. त्यामुळं प्लेटवर १० आणि आत वायंडिंग साडेबाराचं, अशा मोटारी माझ्या टेबलावर रोज येतात. टीसी का बंद पडतो त्याचं निम्मं उत्तर तिथं आहे. सुनावणीत समोरचा अधिकारी हेच विचारणार. आपल्या टीसीवरच्या मोटारी आधी आपणच मोजून घ्या, मग बोला. आणि तुमच्याकडूनही एक प्रश्न तयार ठेवा: त्याच कायद्याचं ६५ वं कलम म्हणतं की सरकारला सवलत द्यायची तर तिची रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी. ती वेळेवर मिळाली का? नसेल तर त्यापायी कंपनीनं काढलेल्या कर्जाचं व्याज कुणाच्या दरात घातलंय? हा प्रश्न विचारला की सभागृह जागं होतं.

आता भाषेचं. घटनेचं ३५० वं कलम आहे: केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मांडायचा हक्क. मराठीत दिलेला अर्ज परत करता येत नाही. कुणी केला तर कलम दाखवा. पण माझं मत सरळ आहे: मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडून द्या. टेबलावरचा क्लार्क जे वाचू शकतो तेच पुढं सरकतं. सीमाप्रश्न वेगळा, टीसीचा प्रश्न वेगळा. दोन्ही एका कागदात घातले की दोन्ही बाजूला पडतात.

कारखाना, डिस्टिलरी, खाण यांचा मामला असेल तर २००६ च्या अधिसूचनेतली पर्यावरण जनसुनावणी बघा. नोटीस किमान ३० दिवस आधी, अध्यक्ष डीसी (जिल्हाधिकारी) किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी, प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, सगळ्याचं चित्रीकरण. कोरम नसतो, म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात. तेवढ्या वेळेला चहाला उठू नका, आपला मुद्दा त्यात आला का ते ऐका. लेखी प्रत दिलेली असली तर तो गाळता येत नाही. सगळ्याच डिस्टिलऱ्यांना सुनावणी लागते असंही नाही, इथेनॉलसाठी केंद्रानं २०२१ मध्ये काहींना सूट दिली. म्हणून गावात बोर्ड लागायची वाट न बघता पर्यावरण मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ या केंद्राच्या संकेतस्थळावर तालुक्याचं नाव टाकून शोधा.

विधेयकासाठी मात्र आमदारच गाठावा लागतो. जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत, आणि बहुतेक सगळे तिकडंच धावतात. मी म्हणेन, विधान परिषदेचे सदस्य धरा. बेळगावच्या स्थानिक संस्था मतदारसंघात मतदार कोण, तर ग्रामपंचायत सदस्यांसारखी निवडून आलेली माणसं. चार-पाच पंचायतींचे ठराव, पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) सहीशिक्क्यानिशी, एका पाकिटात गेले की ते पाकीट उघडलं जातं. पदवीधर असाल तर वायव्य पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवा, तिथं तुमचं मत थेट आहे. पत्रात विधेयकाचं नाव, कलमाचा नंबर आणि त्या जागी कुठले शब्द हवेत ते लिहा. सोबत आमदाराला जसाच्या तसा देता येईल असा प्रश्न: ‘दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्याचे नमुने मागच्या गळीत हंगामात कुठं आणि कधी घेतले, निकाल काय, कारवाई कुणावर?’ प्रश्नाची नोटीस आधी द्यावी लागते, म्हणून दिवाळीच्या सुमारास भेटा. अधिवेशनात मंडपात भेटून काही होत नाही.

पाणी दूषित होतच राहिलं तर १९७४ च्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकही कोर्टात जाऊ शकतो. हरित लवादाकडं जायचं तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायची मुदत आहे. आपलं खंडपीठ चेन्नईचं. सीमेपलीकडं कागल-चंदगडचं पुण्याचं. नदी एकच, वकील दोन. घाण वरून येत असेल तर कोल्हापूरच्या प्रदूषण मंडळाच्या कार्यालयातही अर्ज टाका.

या सगळ्याला लागणारी माहिती आरटीआयनं मिळते. कर्नाटकात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, नाहीतर तेवढ्या कारणानं परत येतो. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा, पोहोच घ्या. उत्तराला ३० दिवस, अपिलाला आणखी महिना-दीड महिना. हिवाळ्यातल्या सुनावणीला आकडे हातात हवे असतील तर अर्ज गणपतीच्या आधी पोस्टात पडला पाहिजे.