धरणावर गळ टाकायचा तर रॉड-रीळ कोणतं घ्यावं

"मामा, दोरा सुटंना गेलाय!" मागच्या उन्हाळ्यात माजलगाव धरणाच्या काठावरून भाचा ओरडला. मी पोचेपर्यंत दोरा तुटला होता. कटला होता, पाण्यावर एकदाच रुंद शेपटी दिसली आणि गेला. भाच्यानं मोबाइलवर चित्र बघून रॉड-रीळचा जोड मागवला होता. रीळ हातात घेतलं तर ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरा किती जोरावर सुटावा ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, पार आवळलेला, सैल केला तरी झटके देतच सुटत होता. तोंडात गळ घेऊन मासा गेला, याचं मला जास्त वाईट वाटलं.

माजलगावात माझं पंपाच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान आहे. तारा गुंडाळण्यात वीस वर्षं गेली, त्यामुळे रीळ मला आधी यंत्र म्हणून दिसतं. लोक आधी रॉड घेतात, मग त्याला शोभेल असं रीळ आणि शेवटी उरलेल्या पैशात दोरा. माझा हिशेब उलटा आहे. आधी मासा ठरवा, त्यावरून दोरा, दोऱ्यावरून रीळ आणि सगळ्यात शेवटी रॉड.

मासा आधी का, ते त्याच्या तोंडात आहे. आपल्या धरणांत रोहू, कटला आणि मृगळ यांचं बीज सोडलेलं असतं. यांचे ओठ मऊ आणि मांसल. रॉड ताठ असला तर जोराच्या हिसक्यानं गळ ओठ फाडून निघतो. मरळीचं तोंड हाडाचं, टणक. तिथे लवचिक रॉड निम्मा हिसका स्वतःच खातो आणि गळ रुततच नाही. म्हणून एकाच रॉडवर दोन्ही करू म्हणणाऱ्याला मी आधीच सांगतो, एक ठरव.

रोहू-कटल्यासाठी काठावरून बसायचं तर ९ ते १० फुटी, मध्यम ताकदीचा, अर्ध्यापर्यंत वाकणारा रॉड घ्या. लांबी कशाला? मार्चनंतर पाणी मागे सरकतं, गाळपेर उघडी पडते आणि तुम्ही चिखलाच्या अलीकडे उभे असता. लांब रॉडनं आमिष पुढे जातं आणि दोरा काठावरच्या दगडांपासून वर राहतो. मरळीसाठी साडेसहा-सात फुटी, टोकाशीच वाकणारा, मीडियम हेवी, म्हणजे मध्यमपेक्षा जरा जास्त ताकदीचा, पुरे. ती शेवाळात, पाणवनस्पतीत दडते, लगेच ओढून बाहेर काढावी लागते. पावसाळ्यात पिलांच्या घोळक्याखाली मरळ दिसली तर मात्र गळ टाकू नका, ती राखण करत असते.

रॉडच्या दांड्यावर, मुठीच्या जरा वर, बारीक अक्षरं असतात. 'लाइन १२–२० एलबी' म्हणजे १२ ते २० पौंडांचा दोरा. २० पौंड म्हणजे साधारण ९ किलो. शेजारी ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं ते फेकायच्या वजनाचं. ४० ग्रॅमच्या रॉडला १०० ग्रॅमचं शिसं आणि पिठाचा गोळा लावून जोरात फेकला की दांडा मोडतो. दुमडणारे टेलिस्कोपिक रॉड पिशवीत छान बसतात, पण जोड जितके जास्त तितक्या कमजोर जागा. दोन तुकड्यांचा घ्या.

दुकानात जाताना खिशात चिमूटभर कापूस न्या, तो तर आपल्याकडे घरोघरी. रॉडच्या प्रत्येक कडीतून तो फिरवा. आतल्या सिरॅमिकला बारीक चीर असेल तर तंतू अडकतो. तीच चीर पुढे दोरा कापते.

दोऱ्याबद्दल थोडक्यात. रोहू-कटल्याला १५ ते २० पौंडांचा नायलॉनचा तंगूस. तो ताणतो, धक्का सोसतो. विणलेला ब्रेड बारीक आणि दणकट, पण ताणत नाही आणि आपल्या काळ्या दगडावर घासला की लवकर जातो. तो मरळीच्या शेवाळाला, ३० ते ५० पौंडांचा. ब्रेडखाली रिळावर थोडा नायलॉन आधी गुंडाळा, नाहीतर सगळा दोरा चकरीवर, म्हणजे दोरा गुंडाळतात त्या भागावर, घसरतो.

आता रीळ. पैसे इथे घाला. ३,००० रुपये असतील तर मी निम्मे रिळावर घालीन. नवख्यानं स्पिनिंग रीळच घ्यावं, म्हणजे फेकताना चकरी जागेवर राहते आणि दोरा नुसता सुटतो ते. रोहू-कटल्याला ४००० ते ५००० नंबरचं (हा नंबर रिळाच्या आकाराचा), मरळीला ३०००चं पुरे. डब्यावर ५.२:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात रोटर, म्हणजे दोरा गुंडाळणारा फिरता भाग, चकरीभोवती ५.२ वेळा फिरतो. बेअरिंग किती आहेत यावर भुलू नका. दोरा ओवून ड्रॅग थोडा सैल करा आणि हातानं सावकाश ओढा. पाण्याच्या धारेसारखा सुटला तर घ्या. अडकत, उड्या मारत सुटला तर परत ठेवा, डबा कितीही देखणा असो.

दोरा भरताना ओल्या फडक्यातून ताण देत भरा. मोटारीची वायंडिंग सैल भरली की कॉइल जळते. इथे सैल भरलेल्या दोऱ्यात वरचा वेढा खाली रुततो आणि फेकताना गुंता होतो. काठापासून दोन मिलिमीटर जागा सोडा. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका ठेवा. २० पौंडांच्या दोऱ्याला सव्वादोन ते तीन किलो. हातात धरायचा वजनकाटा दोऱ्याच्या टोकाला लावून रॉड तिरका धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा; काट्यावर तेवढा आकडा आला की दोरा सुटायला हवा. भाच्याच्या रिळावर हे आधी केलं असतं तर कटला काठाला आला असता. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात.

कार्बनचा रॉड हलका आणि छान, पण त्यातून वीज वाहते. धरणाच्या काठानं शेतकऱ्यांच्या पंपांच्या तारा किती खाली लोंबतात ते मी रोज बघतो. मागे वळून वर बघितल्याशिवाय रॉड उचलू नका. ढग गरजायला लागले की रॉड खाली ठेवून काठ सोडा. तारा जवळ असतील तिथे मी फायबर ग्लासचाच रॉड नेतो.

धरणात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारा. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका.

आणि पहिल्याच दिवशी धरणावर जाऊ नका. काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात जा, दोऱ्याला गळ न बांधता नुसतं शिसं बांधा, समोर एक टोपलं ठेवा. भाचा असाच तीन संध्याकाळी फेकत होता. चौथ्या दिवशी मी त्याला नवं रीळ दिलं.