जंगलाचे व्हिडिओ करायचेत? मग ‘किती एक्स’ विचारणं आधी थांबवा

जंगलात व्हिडिओ करायचं मनावर घेतलं की पहिली गाठ पडते ती अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या सल्ल्यांशी. कॅमकॉर्डर आणि झूमबद्दल इंटरनेटवर सापडतं त्यातलं पुष्कळ त्यांनीच केलेलं आहे. तिकडे परवाना काढून हरणाची शिकार करता येते आणि ती चित्रित करण्याचा अनेकांना नाद असतो. धनुष्यबाण घेऊन माणूस झाडावरच्या मचाणावर बसतो, कॅमेरा त्याच झाडाला आवळलेल्या आर्मवर असतो आणि हरीण वीस-तीस मीटरवर येईपर्यंत तो वाट बघतो. तेवढ्या अंतराला छोटा कॅमकॉर्डर पुरून उरतो. त्यांचा सल्ला त्यांच्यापुरता बरोबरच आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. आपण ताडोबात जिप्सीत बसतो, खाली उतरता येत नाही, आणि किती जवळ यायचं ते वाघ ठरवतो. म्हणून त्यांची खरेदीची यादी जशीच्या तशी उचलू नका.

आता तो आकडा. दुकानात पहिला प्रश्न ‘झूम किती एक्स?’ असाच असतो आणि नवखा माणूस इथेच फसतो. एक्स म्हणजे नुसता भागाकार आहे. झूमच्या लांब टोकाचे मिलिमीटर भागिले रुंद टोकाचे मिलिमीटर, एवढंच. त्यात अंतराचा काहीही संबंध नाही. सोनीचा एएक्स५३ कॅमकॉर्डर २६.८ मिलिमीटरला सुरू होतो, वीस एक्स, म्हणजे ५३६ला संपतो. २९ला सुरू होणारा बारा एक्सचा कॅमेरा ३४८लाच थांबतो. आणि सोनीची २००-६०० लेन्स? सहाशे भागिले दोनशे, फक्त तीन एक्स. तरी ती वीस एक्सवाल्यापेक्षा लांबचं दाखवते. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) लावली तर ९०० मिलिमीटरइतकी चौकट देते. खोक्यावर शेकड्यांतला एक्स छापला असेल तर तो बहुधा डिजिटल झूमचा असतो, म्हणजे कापून मोठं केलेलं चित्र. तो आकडा वाचूच नका.

मग वाचायचं काय? फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या हिशेबातले मिलिमीटर. त्यावरून घरबसल्या गणित करता येतं: ३६ गुणिले अंतर, भागिले मिलिमीटर. उत्तर येतं ते चौकटीत मावणारी रुंदी, मीटरमध्ये. ६०० मिलिमीटरला पन्नास मीटरवर तीन मीटर मावतात, म्हणजे आडवा चालणारा वाघ शेपटीसकट चौकट भरून टाकतो. ३४८ला तीच रुंदी पाच मीटरच्या वर जाते. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दीडशे मीटरवर उभं असेल, तर ६००लाही नऊ मीटर रुंदीत ते एवढंसं दिसेल. पंधरा मीटरवरचा खंड्या चौकटीचा पाचवा हिस्सा व्यापेल. तुम्हाला काय टिपायचंय ते ठरवा, अंतर धरा, भागाकार करा आणि मगच दुकानात जा. हे गणित सुरुवातीला मला कोणीही सांगितलं नाही, आणि त्याचा अजून राग येतो. शाळेतल्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे ते!

‘मग निकॉन पी१००० घेऊ, ३००० मिलिमीटर!’ असं वाटेल. थांबा. त्याचा सेन्सर नखाएवढा आणि लांब टोकाला भिंगाचं तोंड एफ ८ (हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी आत येतो). ताडोबाच्या सागवान-बांबूत पहाटेच्या पहिल्या तासात, म्हणजे वाघ रस्त्यावर असतो नेमका तेव्हा, चित्रात नुसते दाणे येतात. दुपारी उजेड असतो, पण एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरकडची हवाच थरथरत असते. लांबचं दृश्य पाण्याखालून बघितल्यासारखं हलतं आणि कितीही महाग भिंग घेतलं तरी ते थांबत नाही. त्यावर उपाय एकच, प्राणी जवळ येण्याची वाट बघणं.

बजेट बेताचं असेल तर सोनी आरएक्स१० मार्क ४ सेकंडहँड शोधा. २४ ते ६००, लांब टोकालाही एफ ४, सेन्सर एक इंची. लेन्स बदलायची नसल्यामुळे जिप्सीतली धूळ आत जाण्याची धास्ती नाही. २००-६००चं चित्र सरस येतं यात वाद नाही, पण नुसती लेन्सच दोन किलोंच्या वर जाते. आणि फोटोसाठी बनवलेल्या बऱ्याच लेन्समध्ये झूम फिरवला की फोकस सरकतो. चालू शॉटमध्ये झूम करणार असाल तर आधी भाड्यानं आणून तपासा. पुण्या-मुंबईत भाड्यानं सहज मिळतात.

ट्रायपॉडवर पैसे घालण्याची घाई नको, जिप्सीत तो उघडायला जागाच नसते. बीनबॅग, म्हणजे कॅमेरा टेकवायची पिशवी घ्या. रिकामी न्यायची आणि मुक्कामी पोहोचल्यावर तांदूळ भरायचे. ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथर चित्रात उतरलीच समजा. ऑटोफोकस पुढच्या गवतावर अडकतो, म्हणून हातानं फोकस करायची सवय आजपासूनच लावा.

‘वाघ नक्की दाखवू’ म्हणणाऱ्या महागड्या वर्कशॉपांबद्दल माझं मत वाईट आहे. तिथे शिकवणारा स्वतःचे शॉट घेण्यात गुंतलेला असतो. ताडोबाच्या मोहर्ली-कोलारा गेटांवरचे स्थानिक गाइड त्याहून कितीतरी जास्त शिकवतात. वानर कुठे बघून ओरडतंय, सांबराचा आवाज कोणत्या नाल्यातून आला, आता कुठल्या पाणवठ्यावर थांबायचं, हे त्यांना कळतं. त्यांच्याशी आदरानं बोला, विचारत राहा. पहिल्या सफारीत काहीच नीट आलं नाही म्हणून खचून जाऊ नका. सगळ्यांचं तसंच होतं. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर नावेतून रोहित पक्ष्यांवर हात बसवा. तिथे दर फेरीला पुन्हा संधी मिळते.

एक गोष्ट मात्र आधीच निस्तरून घ्या. चॅनेलसाठी किंवा विकण्यासाठी चित्रीकरण करणार असाल तर पर्यटकाचं तिकीट पुरत नाही. वनविभागाची वेगळी लेखी परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ लागतो. अर्ज करून मगच तारखा ठरवा. आणि ड्रोन परवानगीशिवाय बॅगेतसुद्धा नको.