भरतीची तयारी करता ना, मग पाणी प्याचं का बाटलीतलं ड्रिंक?

आमच्या गावातले पोट्टे पहाटे पोलीस भरतीसाठी १६०० मीटर मारतात अन् लगेच स्टँडवरून रंगीत स्पोर्ट्स ड्रिंक घेतात, मले लय वाईट वाटते, कारण तासाभराच्या आतल्या सरावाले साधं पाणी पुरते भाऊ, त्या पैशात केळी येतात, अंडी येतात.

हे ड्रिंक निघालं कशासाठी ते पाहा. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत गेटोरेड नावाचं स्पोर्ट्स ड्रिंक बनलं, उकाड्यात तासन् तास खेळणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या पोरांसाठी. म्हणजे मे महिन्यात दिवसभर कबड्डीचे सामने असले, तासाच्या वर घाम गाळला, तर मीठ-साखर पाहिजेच. पण ते घरीच करा: १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, वरून लिंबू. मीठ जास्त टाकू नका बरं.

किती प्याचं? कापूस मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सरावाआधी अन् नंतर वजन करा, १ किलो उतरलं म्हणजे साधारण १ लिटर पाणी गेलं, ते हळूहळू भरून काढा. वजन वाढलं असन तर पाणी जास्त झालं, अन् हे कोणी सांगत नाही, नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, उतरते, मळमळ, डोकेदुखी, झटके येतात, जीवही जाऊ शकते. असं दिसलं तर आणखी पाणी पाजू नका, सरळ दवाखान्यात न्या.