सात दिवसांचा बॅकअप आणि तीन आठवड्यांपूर्वीची चूक

आमच्या छोट्या ऑफिसात रोज रात्री टॅलीच्या डेटाचा बॅकअप व्हायचा, सात दिवसांनी जुना पुसून नवा. मी निर्धास्त. मग एका व्यापाऱ्याच्या खात्यातल्या खरेदीच्या नोंदी गायब दिसल्या. कुणीतरी तीन आठवड्यांपूर्वी उडवल्या होत्या. सातही प्रती उघडल्या, सातहींत तेच भोक! शेवटी छापील बिलांवरून दोन दिवस बसून नोंदी पुन्हा घातल्या.

आता रेस्टिक हे बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर वापरतो. रोजच्या १४, आठवड्याच्या ८, महिन्याच्या १२ आणि वर्षाच्या ९ प्रती. बदललेला भागच साठत असल्याने डिस्क फार भरत नाही. वर्षांचा आकडा कायद्यावरून काढला: जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची, म्हणजे २०२३-२४ ची ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. कंपन्यांच्या हिशेबवह्या तर आठ वर्षं.

इथे एक गंमत झाली. रेस्टिकचं वर्ष कॅलेंडरचं, त्यामुळे वार्षिक प्रत डिसेंबरची राहते, आणि आपला सगळा जीव मार्चमध्ये! म्हणून ऑडिटच्या नोंदी पडल्यावर एक वेगळी प्रत घेऊन तिला 'मार्चअखेर' असा टॅग लावतो. टॅगवाल्या प्रतींना हात लावायचा नाही, असं फर्गेटच्या, म्हणजे जुन्या प्रती काढून टाकणाऱ्या, आज्ञेतच सांगितलंय. ती आज्ञा आधी ड्राय-रनने, म्हणजे प्रत्यक्ष काही न पुसता, चालवून काय उडणार ते बघतो. नुसत्या फर्गेटने जागा सुटत नाही, प्रून करावं लागतं, म्हणजे कुठल्याच प्रतीला न लागणारा डेटा खरोखर पुसावा लागतो. हे मला डिस्क भरल्यावर कळलं.