पीकेएक्सेकचं भोक बुजवलं तेव्हा

जानेवारी २०२२. क्वालिस या सुरक्षा कंपनीने पोलकिटच्या (लिनक्समध्ये कुणाला काय करू द्यायचं हे ठरवणारी यंत्रणा) 'पीकेएक्सेक' या, दुसऱ्या युझरच्या अधिकाराने कमांड चालवून देणाऱ्या प्रोग्रॅममधला दोष जाहीर केला आणि माझी झोप उडाली. आमच्या उबुंटू सर्व्हरवर बरेच जण लॉगिन करतात. त्यातला कुणीही साधा युझर थेट रूट, म्हणजे सर्वाधिकारी युझर, होऊ शकत होता. भोक २००९ पासूनचं! आर्ग्युमेंटची (प्रोग्रॅमला सुरू करताना दिलेल्या शब्दांची) यादी पूर्ण रिकामी ठेवून, अगदी त्याचं स्वतःचं नावही न देता तो चालवला, की तो यादी ओलांडून पुढच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्येच (प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सेटिंगमध्ये) हात घालायचा.

आधी तात्पुरती मलमपट्टी: चमॉड या फाइलच्या परवानग्या बदलणाऱ्या कमांडने ०७५५ देऊन सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅमला फाइलच्या मालकाच्या, इथे रूटच्या, अधिकाराने चालू देणारी खूण) काढला. मग अपग्रेड चालवलं, तर पॅकेज जुनंच. डोकं खाजवलं. मीच कधीतरी ते 'होल्ड'वर टाकलं होतं, म्हणजे अपग्रेड होऊ नये म्हणून रोखून ठेवलं होतं (दोष कुणाला देणार?). होल्ड काढला, पुन्हा अपग्रेड. रीबूट लागलाच नाही. नव्या फाइलवर सेटयूआयडी बिट आपोआप परतला.