‘आय डोन्ट’ला ‘मी टू’ : माझी चूक कशी सुटली

समोरचा म्हणाला, ‘आय डोन्ट ड्रिंक टी’, की माझ्या तोंडून निघायचं ‘मी टू’. मराठीतलं ‘मी पण’ होकार-नकार दोन्हीला चालतं. इंग्रजीत नकाराला ‘मी नायदर’ लागतं. वाक्यं पाठ केली, ऐन वेळी आठवली नाहीत. ‘सेम हिअर’ दोन्हीकडे चालतं, पण किती वेळा तेच म्हणणार? वर्षभर याचा फार वैताग आला.

शेवटी हा क्रम लागू पडला. आधी फक्त नकार ऐकायचा: नॉट, नेव्हर, हार्डली. नकार नसेल तर ‘सो’, असेल तर ‘नायदर’. मग समोरच्याच वाक्यातलं सहाय्यक क्रियापद (हॅव, कॅन, वॉज यांसारखं) उचलायचं आणि शेवटी ‘आय’. ‘आय हॅव फिनिश्ड’ला ‘सो हॅव आय’. ‘आय कान्ट स्विम’ला ‘नायदर कॅन आय’. इथे ‘कान्ट’ नाही, कारण नकार ‘नायदर’मध्येच आला. सहाय्यक क्रियापद नसेल तर काळ बघून डू किंवा डिड: ‘आय वेन्ट होम’, ‘सो डिड आय’. क्रियापद आपल्या ‘आय’शी जुळवायचं: ‘शी लाइक्स इट’, ‘सो डू आय’, ‘दे वेअर लेट’, ‘सो वॉज आय’.

क्रम मात्र उलटू नका. ‘सो आय डू’चा अर्थ ‘अरे, खरंच की!’ असा होतो.

‘यू हॅवन्ट सेंट इट?’ यालाही आपलं ‘हो, नाही पाठवलं’ चालत नाही. पाठवलं नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’. नुसत्या ‘येस’वर समोरचा पाठवलं असंच समजू शकतो.