बीगल आणताय? आधी फाटकाखालची फट बघा

बीगल, बॅसेट, ब्लडहाउंड, वासावर चालणाऱ्या या कुत्र्यांपैकी कुणीही घरी येणार असेल तर खरेदी नंतर करा. खाण्याचं भांडं, बिछाना, ब्रश, खेळणी प्रत्येकाला सुचतात, त्यावर शब्द घालवत नाही. आधी फाटकापाशी जा आणि उभ्याने न बघता सरळ पालथं पडा, गाल जमिनीला टेकेपर्यंत. फाटकाखालून पलीकडचा उजेड दिसतो का? दिसत असेल तर तुमची तयारी अजून सुरूच झालेली नाही.

मागच्या खेपेला माझ्या यादीत हे एवढंच नव्हतं, म्हणून इतक्या तावातावाने सांगतेय. कुंपणाची उंची वाढवून घेतली होती, कडी बदलली होती, खाली कुणी बघितलंच नाही. मुळात १३ ते १५ इंच उंचीचा कुत्रा, आणि त्याचं सगळं लक्ष जमिनीलगत. चढून जाणारे बीगलही असतात, त्यामुळे पाच फुटांच्या आतलं कुंपण नकोच. पण पहिला प्रयत्न खालून होतो. बाहेरून मांजर गेलं, उंदीर गेला, दुसरा कुत्रा मुतून गेला, त्याचा वास फटीतून आत येतो. आधी तिथे नाक जातं, मग पुढचा पंजा, मग माती उडायला लागते. तुमची मूठ फटीतून आडवी जात असेल तर पिल्लूही जाऊ शकतं. मोठा कुत्रा उकरून वाट रुंद करतो, आणि त्याला वेळ भरपूर असतो.

फाटकाखाली सिमेंटचा उंबरा घालून घ्या. विटा नुसत्या टेकवून ठेवू नका, तो त्या सरकवतो किंवा शेजारून उकरतो. कुंपणाच्या बुडाशी जाड वेल्डेड जाळी काटकोनात वाकवून लावा: एक बाजू कुंपणाला बांधलेली, दुसरी दीड फूट आतल्या बाजूला जमिनीवर पसरलेली आणि खुंट्यांनी पक्की ठोकलेली. आतल्याच बाजूला, कारण तो उकरतो ते अगदी कुंपणाला चिकटून, आणि तिथे त्याच्या नखाला जाळीच लागली पाहिजे. कोंबड्यांची पातळ जाळी वापरू नका, वाकते, तुटते आणि पंजा कापते. जाळीची कापलेली टोकं खाली वळवा. एवढं झालं की पुन्हा पालथं पडून बघा. आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर पुन्हा, कारण कोरड्या दिवसांत बंद असलेली फट माती वाहून गेली की उघडते.

अंगण नसेल तर सुटलो असं समजू नका. फ्लॅटची फट म्हणजे मुख्य दार. पार्सल घ्यायला दार उघडलं की पायांच्या मधून तो बाहेर. दाराच्या आत लहान मुलांसाठी मिळतं तसलं एक आडवं फाटक लावा आणि घरातल्या सगळ्यांना नियम सांगा: आतलं बंद असल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. बाल्कनीच्या गजांमध्ये किती अंतर आहे तेही मोजा, अंदाजाने नको. रेलिंगच्या खालच्या पट्टीखाली मोकळी जागा असेल तर ती आधी बुजवा.

“आमचा हाक मारली की येतो” असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९५०च्या दशकात जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी एक एकराच्या मोकळ्या जागेत उंदीर सोडून वेगवेगळ्या जातींचे कुत्रे तो किती वेळात शोधतात ते पाहिलं. बीगलला मिनिटही लागलं नाही, फॉक्स टेरिअरला पंधरा मिनिटं लागली आणि स्कॉटिश टेरिअरला तो सापडलाच नाही. असलं नाक वासाला लागलं की तुमची हाक कानावरून जाते. तो आडमुठेपणा करत नसतो, पिढ्यान्‌पिढ्या माणसानेच त्याला यासाठी निवडून वाढवलंय. हाकेला येण्याचं शिक्षण जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर उघड्यावर पट्टा सोडू नका. रस्त्याच्या आसपास तर कधीच नाही.

म्हणून गळपट्टा आणि हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, दोन्ही हवेत. गळपट्टा नावाच्या बिल्ल्यासाठी, दोरी हार्नेसला. गळ्यात दोरी बांधून हा कुत्रा ओढायला लागला की सगळा ताण मानेवर येतो. हार्नेस घालून बघताना पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, जास्त नाही, आणि तो मागे मागे सरकत अंग काढून घेतो का हे घरातच तपासा, रस्त्यावर नको. पिल्लू वाढतं, हार्नेस वाढत नाही, त्यामुळे दर आठवड्याला बघा. मोकळ्या मैदानासाठी दहा मीटरची लांब दोरी घ्या. आपोआप गुंडाळली जाणारी बारीक दोरी नको, तो अचानक धावला की हाताची कातडी सोलवटते.

बिल्ल्यावर कुत्र्याचं नाव नसलं तरी चालेल, तुमचा चालू फोन नंबर हवाच. कातडीखाली मायक्रोचिप बसवून घ्या, पण चिप म्हणजे जीपीएस नव्हे. कुणाला तो सापडला आणि स्कॅनर फिरवला तर पंधरा आकडी क्रमांक दिसतो, बस. तो क्रमांक नोंदणीत तुमच्या नावावर नसेल तर चिपचा उपयोग शून्य. फोन बदलला की नोंदही बदला. जीपीएसचा पट्टा वेगळा येतो. चांगला आहे, पण रोज चार्ज करणार असाल तरच घ्या. आणि हे सगळं तो सुटल्यानंतरचं आहे. सुटू नये यासाठी काय करायचं ते वर सांगितलंय. फट!

तरीही सुटलाच तर जिथून सुटला तिथे तुमचा वापरलेला, न धुतलेला कपडा आणि पाणी ठेवा आणि कुणाला तरी तिथेच थांबवा. हे कुत्रे पुष्कळदा स्वतःच्याच वासाच्या मागावर उलटे येतात. सगळे जण गाड्या घेऊन पांगलात तर तो परत येईल तेव्हा तिथे कुणी नसेल.

आता खाणं. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४मध्ये विमानतळावरच्या सामानात लपवलेली फळं आणि मांस हुंगून काढायला बीगल नेमले. नाक तर होतंच, शिवाय माणसांना भीती वाटणार नाही असा आकार, गोड स्वभाव आणि खाऊसाठी काहीही करण्याची तयारी. हीच तयारी तुमच्या स्वयंपाकघरात असणार आहे. कचऱ्याचा डबा झाकणाचा, आणि तोही कपाटाच्या आत. कपाटाला लहान मुलांसाठीचा लॉक. पाहुण्यांच्या पिशव्या आणि पर्स जमिनीवर नकोत. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं च्युइंगगम त्याच्यासाठी विष आहे. बॅसेट बुटका दिसतो म्हणून टेबल सुरक्षित समजू नका. अंगाने लांब असतो, मागच्या पायांवर उभा राहिला की ताटापर्यंत पोचतो.

खाणं वाटीने नाही, वजनकाट्यावर मोजा. तो नेहमी उपाशीच दिसणार, तिकडे बघू नका. बरगड्यांवरून हात फिरवा: डोळ्यांना दिसू नयेत, बोटांना सहज लागाव्यात. लागत नसतील तर घरातलं कुणीतरी चोरून भरवतंय. वजन वाढलं की पाठीच्या मणक्यांवर भार येतो, आणि बीगल-बॅसेट दोघांनाही मणक्यांच्या चकत्यांचा त्रास होण्याची शक्यता मुळातच जास्त असते. सोफ्याला उतार लावा, बॅसेटला वरून उड्या मारू देऊ नका. बॅसेट आणि ब्लडहाउंडला पोट फुगून पिळा पडण्याचाही धोका असतो. जेवण दोन-तीन वेळांत विभागून द्या, जेवल्यावर लगेच धावपळ नको. पोट टम्म आणि नुसत्या कोरड्या ओकाऱ्या दिसल्या तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी निघा.

कान. लोंबते असल्याने आत हवा जात नाही, ओल राहते, संसर्ग होतो. आठवड्यातून एकदा कान उलटून बघा आणि वास घ्या, हो, तुम्ही घ्या. आंबूस, बुरसट वास, तपकिरी मळ किंवा लाली असेल तर डॉक्टर, घरगुती तेल नाही. कापसाची काडी आत घालू नका. बॅसेटला पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं घ्या, नाहीतर कान पाण्यात आणि मग ते पाणी सगळ्या फरशीवर.

आवाज. हा कुत्रा नुसता भुंकत नाही, लांब सूर लावतो, तो तीन घरं पलीकडे जातो. शेजाऱ्यांशी आधीच बोला. एकटा राहिला की जास्त ओरडतो, कारण ही जात कळपात शिकार करायची. पहिल्या दिवसापासून त्याला दोन मिनिटं, पाच मिनिटं एकटं ठेवायची सवय लावा. सुट्टी घेऊन आठवडाभर मांडीवर ठेवलं आणि मग थेट आठ तासांसाठी कामावर गेलात तर शेजाऱ्यांचा फोन येणारच.

फिरवताना वेग नको, हुंगू द्या. अर्धा तास मनसोक्त हुंगलेला कुत्रा तासभर ओढत नेलेल्यापेक्षा जास्त शांत झोपतो. पाऊस असेल तर जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्या जेवणातलेच दाणे लपवा. वास घ्यायचं काम दिलं नाहीत तर ते तो स्वतः शोधतो, आणि कुठे शोधतो ते सांगून झालंय. आज बघितलीत का ती फट?

पुढचं थोडक्यात. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर काही आठवड्यांनी चालतात, रेबीजची वेगळी. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळा दिसला तर त्याला चेरी आय म्हणतात, बीगलमध्ये होतो, दाखवा. नखं, दात, आंघोळ इतर कुत्र्यांसारखंच. पहिल्या रात्री रडणार, बिछाना तुमच्या खोलीत घ्या. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे ते आधी शोधा आणि नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका. बाकी लागेल तसं आणता येईल.